रिकी लॅम्बर्ट तिशीपर्यंत कुणालाच कसा दिसला नाही?

जुना_फॉरवर्ड

इथं इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलवर धागे भरपूर निघतात पण खालच्या डिव्हिजनवर कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. विषय एकच माणूस, रिकी लॅम्बर्ट. ज्यांनी २०१२च्या पुढेमागे मॅचेस बघायला सुरुवात केली त्यांना तो साउथॅम्प्टनचा सात नंबरवाला दांडगा स्ट्रायकर (गोल मारायला सगळ्यात पुढं खेळणारा) म्हणून आठवत असेल, काहींना लिव्हरपूलच्या बाकावर बसलेला. मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं.

जन्म १९८२चा, गाव कर्बी, लिव्हरपूलला लागूनच. घरापासून लिव्हरपूलचाच फॅन, लिव्हरपूलच्याच अकादमीत शिकला आणि १५व्या वर्षी तिथून नारळ मिळाला. मग ब्लॅकपूल, तिथं सीनियर टीमकडून जेमतेम दोन-चार मॅच आणि परत नारळ. हातात काहीच नाही म्हटल्यावर बीटच्या कारखान्यात लागला. काम काय, तर बीट भरलेल्या बरण्यांना झाकणं लावायची, दिवसाचे २० पौंड. त्याच दिवसांत मॅकल्सफील्ड टाउनकडे सरावाला जायचा, पगार नाही करार नाही, फक्त येऊ देत होते एवढंच. शेवटी २००१ला त्यांनी करार दिला.

आता मॅकल्सफील्ड कुठं होतं तर चौथ्या पायरीवर. नवीन लोकांसाठी सांगतो, वर प्रीमियर लीगचे २० क्लब, खाली चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू, प्रत्येकी २४, असे एकूण ९२. खालच्या तिन्ही डिव्हिजनमध्ये सीझनला ४६ लीग मॅच, शनिवार आणि मधे मंगळवार, जानेवारीत चिखल, आणि बहुतेकांचे करार वर्षा-दोन वर्षांचे. मे महिन्यात क्लब रिटेन्ड लिस्ट लावतो, कोण राहणार आणि कोण जाणार त्याची यादी. दरवर्षी शेकडो पोरं त्या यादीतून बाहेर पडतात आणि त्यातली बरीचशी परत कधी दिसत नाहीत.

लॅम्बर्ट टिकला. २००२ला स्टॉकपोर्टनं ३ लाख पौंडाला घेतला, तिथं काही जमलं नाही, ९८ लीग मॅचमध्ये १८ गोल. २००५ला रॉचडेल, तिथं २००५-०६ला २२ लीग गोल, लीग टूमध्ये गोलांत संयुक्त पहिला. त्या टीममध्ये त्याच्या जोडीला कोण होता माहितीये, ग्रँट होल्ट! पुढं दोघंही प्रीमियर लीगच्या एकेका सीझनला १५ गोल मारणार होते आणि तेव्हा दोघं रॉचडेलच्या स्पॉटलंड ग्राउंडवर चार हजार लोकांसमोरही खेळत नव्हते.

मग ब्रिस्टल रोव्हर्स. लीगचे गोल बघा, पहिल्या सीझनला ८, दुसऱ्याला १४, तिसऱ्याला २९. मधे फेब्रुवारी २००८ला एफए कपमध्ये (सगळ्या डिव्हिजनच्या क्लबांची बाद फेरीची स्पर्धा) याच साउथॅम्प्टनला यानं फ्री किकवर गोल मारून १-० हरवलं, रोव्हर्स क्वार्टर फायनलला गेले. २९ गोलवाला सीझन २००८-०९, लीग वनचा संयुक्त टॉप स्कोअरर, वय २७. आणि त्याला घ्यायला कोण आलं, तर लीग वनमधलाच दुसरा क्लब, नुकताच खाली घसरलेला साउथॅम्प्टन, साधारण १० लाख पौंड. प्रीमियर लीग सोडा, चॅम्पियनशिपमध्येही नाही गेला.

माझं म्हणणं एवढंच आहे की या माणसाला वर कुणी उचलून नेलं नाही. तो क्लबला घेऊन पायऱ्या चढला. २००९-१०ला ३० लीग गोल, पुढच्या वर्षी २१ आणि प्रमोशन म्हणजे वरच्या डिव्हिजनमध्ये बढती, त्याच्या पुढच्या वर्षी चॅम्पियनशिपमध्ये २७ गोल, तिथला टॉप स्कोअरर आणि परत प्रमोशन. प्रीमियर लीगमध्ये पहिली मॅच खेळला तेव्हा ३० वर्षांचा होता. चॅम्पियन मँचेस्टर सिटीच्या घरी बाकावरून उतरला आणि पाचेक मिनिटांत गोल. तुम्हाला काय वाटतं, हा आधीच वर असायला हवा होता की नाही?

पेठकर

छान लिहिलंय. पण थोडा वेगळा मुद्दा मांडतो. साउथॅम्प्टनची अवस्था तेव्हा काय होती बघा, २००९ला क्लब दिवाळखोरीच्या दारात, १० गुण कापलेले, आणि मार्कस लीबहेर नावाच्या उद्योगपतीनं विकत घेऊन वाचवला. तो पैसा आला नसता तर लॅम्बर्ट ब्रिस्टललाच ३० गोल मारत बसला असता. म्हणजे यात अंगच्या गुणांपेक्षा योग्य वेळी योग्य क्लब मिळण्याचा भाग मोठा आहे.

आमच्या पुण्याचंच उदाहरण घ्या. व्यंकीज कंपनीनं नोव्हेंबर २०१०ला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब घेतला. मे २०१२ला ब्लॅकबर्न खाली पडला आणि जेमतेम दहा दिवस आधी साउथॅम्प्टन वर गेला होता. तेव्हा ब्लॅकबर्ननं काय केलं, हडर्सफील्डचा जॉर्डन रोड्स घेतला, साधारण ८० लाख पौंड! लीग वनमधून नुकत्याच वर आलेल्या खेळाडूसाठी तेव्हा प्रचंड रक्कम होती ती. आणि रोड्स काही खोटा निघाला नाही, चॅम्पियनशिपमध्ये पहिल्या तिन्ही सीझनला २०च्या वर लीग गोल. पण टीम वर गेलीच नाही. लॅम्बर्टपेक्षा आठ वर्षांनी लहान पोरगा, ऐन उमेदीची वर्षं दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेली. पुढं मिडल्सब्रोबरोबर वर गेला तोवर त्याला मोजक्याच मॅच मिळाल्या. एवढे गोल मारून त्याच्या हाती काय लागलं सांगा. ब्लॅकबर्न तर २०१७ला लीग वनमध्येही गेला आणि पुढच्या वर्षी परत आला, ते सगळं आम्ही इथनं रात्री जागून बघितलंय.

जुना_फॉरवर्ड

@पेठकर, रोड्सचं उदाहरण एकदम चपखल दिलंत, आणि ते माझ्याच म्हणण्याला धरून आहे. खालच्या डिव्हिजनमधल्या स्ट्रायकरचं नशीब क्लबच्या नशिबाला बांधलेलं असतं. होल्ट नॉरविचबरोबर लीग वनमधून दोन वर्षांत वर आला. ग्लेन मरे क्रिस्टल पॅलेसबरोबर आणि मग ब्रायटनबरोबर. व्हार्डीला लेस्टरनं २०१२ला फ्लीटवुडहून घेतलं तेव्हा लेस्टर चॅम्पियनशिपमध्येच होतं. चार्ली ऑस्टिन क्यूपीआर या लंडनच्या क्लबबरोबर वर आला आणि पहिल्याच सीझनला १८ गोल. यातल्या एकाला तरी खालून थेट प्रीमियर लीगच्या क्लबनं उचललं का, नाही. सगळे दार ढकलून आत आले आणि आत येऊन गोल मारायला लागले. म्हणजे आधीही ते मारू शकत होतेच ना?

फक्त पैशावर मी पूर्ण सहमत नाही. लॅम्बर्ट साउथॅम्प्टनला आला तेव्हा मॅनेजर ॲलन पार्ड्यू होता आणि त्यानं याला पहिल्यांदा सुनावलं ते वजनावरून. हे लॅम्बर्टनं स्वतः नंतर मुलाखतींमधून सांगितलंय, की तोपर्यंत आपण व्यावसायिक खेळाडूसारखं राहतच नव्हतो, गोल होतायत म्हणजे सगळं ठीक चाललंय असं वाटायचं. विचार करा, २७ वर्षांचा होईपर्यंत पाच क्लब झाले आणि शरीराकडे कसून लक्ष द्यायला लावणारा माणूस त्याला तेव्हा भेटला. खालच्या क्लबांकडे तेव्हा आहारतज्ज्ञ वगैरे प्रकार फारसा नसायचाच, फिजिओ असला तरी पुष्कळ. त्यामुळे मोठ्या क्लबांचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे लोक, येऊन बघायचे तेव्हा त्यांना एक जाडसर, हळू पळणारा माणूस दिसायचा आणि ते घरी जायचे. त्याचा पहिला टच, पाठीवर डिफेंडर घेऊन बॉल थांबवणं, ४० यार्डांचा पास, हे कुणी लिहूनच घेत नव्हतं.

आणि ते १० गुण. २००९-१०ला साउथॅम्प्टन सातवा आला. ते १० गुण कापले नसते तर प्लेऑफमध्ये (वर जायची शेवटची जागा ठरवणाऱ्या मॅच) असते, त्याच वर्षी वर जायची संधी होती. त्याच सीझनला वेम्बली या राष्ट्रीय स्टेडियमवर कार्लाइलला ४-१ हरवून फुटबॉल लीग ट्रॉफी (खालच्या दोन डिव्हिजनचा कप) जिंकली, पेनल्टीवर लॅम्बर्टचा गोल होता.

खाडीपलीकडे

मी तेव्हा साउथॅम्प्टनला शिकायला होतो, चॅम्पियनशिपचा सीझन आणि पहिला प्रीमियर लीगचा. विद्यार्थ्याच्या खिशाला परवडेल तशा मॅच बघितल्या, नॉर्थम स्टँडच्या बाजूला. एक गोष्ट सांगतो जी टीव्हीवर कळत नाही.

पेनल्टी मिळाली की इतर कुठल्याही ग्राउंडवर लोक श्वास रोखून बसतात, काही जण डोळे झाकतात. साउथॅम्प्टनच्या सेंट मेरीज ग्राउंडला मात्र रेफरीनं पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं की लोक तेव्हाच एकमेकांना मिठ्या मारायला लागायचे. बॉल अजून ठेवायचाय! माझ्या शेजारी एक आजोबा असायचे, ते थर्मासचं झाकण उघडून चहा ओतायला घ्यायचे, बघायचेसुद्धा नाहीत. लॅम्बर्ट बॉल नीट ठेवणार, सरळ मागे येणार, शिट्टी झाली की थबकणं नाही, कीपरला फसवणं नाही, पळत येऊन एका कोपऱ्यात जीव खाऊन मारणार. साउथॅम्प्टनसाठी त्यानं ३४ पेनल्टी मारल्या आणि ३४ आत. एकही चुकली नाही.

दुसरं म्हणजे तो चालायचा. खरंच, मॅचमध्ये बराच वेळ चालत असायचा. पण बॉल त्याच्याकडे आला की बाकीचे पळायला लागायचे, लल्लाना आतून, पंचन बाहेरून, कारण त्यांना माहीत असायचं की हा बॉल गमावणार नाही आणि बरोबर पायात देणार. २०१२-१३ला सगळ्या ३८ मॅच खेळला, १५ गोल, त्या वर्षी लीगमधल्या इंग्लिश खेळाडूंमध्ये लॅम्पार्डबरोबर सगळ्यात जास्त.

तालीमवाला_कोप

लई भारी धागा काढलाय भावा. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार असल्या मॅच बघत मोठी झालेली पोरं आम्ही, त्यामुळं आपल्या पेठेची टीम म्हंजे काय ते आम्हाला सांगाय नको. स्टॉकपोर्ट, रॉचडेलवाल्या लोकांचं प्रेम पटतंय. मी स्वतः पुढं खेळतोय, उंची हाय पण पळणं कमी. म्हणून एक विचारतो, ह्यो गडी हळू असून डिफेंडरला कसा काय सापडत नव्हता? जरा खेळाच्या अंगानं सांगा की.

जुना_फॉरवर्ड

@तालीमवाला_कोप, सांगतो सावकाश, ते नीट लिहावं लागेल. आधी इंग्लंडवाली मॅच सांगून घेतो कारण ती राहून गेली तर मला चैन पडणार नाही.

१४ ऑगस्ट २०१३, वेम्बली, समोर स्कॉटलंड. वय ३१, पहिल्यांदा इंग्लंडच्या टीममध्ये. ज्या दिवशी निवड झाल्याचा फोन आला त्याच दिवशी त्याच्या घरी तिसरं मूल जन्माला आलं होतं. मॅच २-२. रूनीच्या जागी याला उतरवलं. तीन मिनिटंही झाली नव्हती, डावा बॅक लेटन बेन्सनं कॉर्नर घेतला आणि लॅम्बर्टनं हेडर मारला, थेट जाळ्यात. बॉलला लागलेला त्याचा पहिलाच स्पर्श होता तो. ३-२, इंग्लंड जिंकलं. आणि बेन्स कुठला, तोही कर्बीचाच. एका छोट्या गावातल्या दोन पोरांनी मिळून वेम्बलीवर स्कॉटलंडला हरवलं. मी ती क्लिप आजही बघतो. गोल झाल्यावर तो पळत सुटतो तेव्हा तोंड उघडं आहे आणि काय करावं ते कळत नाहीये, आजूबाजूचे मोठमोठे खेळाडू त्याच्यापेक्षा जास्त खूश दिसतात.

पुढच्या महिन्यात मोल्दोव्हाविरुद्ध स्वतः एक गोल आणि वेलबेकला दोन करून दिले. एकूण ११ मॅच, ३ गोल. ब्राझीलच्या वर्ल्ड कपला उरुग्वेसमोर शेवटची काही मिनिटं मिळाली, तेवढंच.

मीनल_ठाणे

छान माहिती. स्कॉटलंडवरून आठवलं, स्टीव्ह बुलचं तुम्ही लिहिलं नाहीत! २७ मे १९८९, हॅम्पडन पार्क, वुल्व्ह्जचा स्ट्रायकर, अख्खा सीझन तिसऱ्या डिव्हिजनमध्ये काढलेला, बदली खेळाडू म्हणून उतरला आणि स्कॉटलंडविरुद्ध पहिल्याच मॅचमध्ये गोल. अगदी लॅम्बर्टसारखंच, फक्त २४ वर्षं आधी. वुल्व्ह्जसाठी एकूण ३०६ गोल आणि १९९०चा वर्ल्ड कप खेळला. म्हणजे तेव्हा तिसऱ्या डिव्हिजनकडेही कुणीतरी बघत होतं.

पण जुना_फॉरवर्ड, आता परिस्थिती बदललीये असं मला वाटतं. ऑली वॉटकिन्स बघा, एक्झेटरकडून लीग टू खेळला, ब्रेंटफर्डनं चॅम्पियनशिपमध्ये नेलं आणि २०२०ला ॲस्टन व्हिलानं थेट विकत घेतला, ब्रेंटफर्ड तेव्हा वर गेलेलंही नव्हतं. आणि युरो २०२४च्या सेमीफायनलला नेदरलँड्सविरुद्ध ९०व्या मिनिटाला त्याचाच गोल. आता आकडे बघणारे लोक प्रत्येक क्लबमध्ये बसलेत, लॅम्बर्टसारखा माणूस २७ वर्षांचा होईपर्यंत लपून राहणारच नाही.

जुना_फॉरवर्ड

@मीनल_ठाणे, बुल सुटलाच होता, बरं झालं आठवण केलीत. वॉटकिन्सबद्दल मान्य, पण व्हिलानं घेतला तेव्हा तो २४चा होता, वेगवान होता, शरीरानं तयार होता. आकडेवाल्यांना असा खेळाडू लगेच सापडतो. जाडसर, हळू, २७ वर्षांचा, लीग वनमध्ये २९ गोल मारणारा आजही प्रीमियर लीगच्या यादीत येईल का? मला नाही वाटत. वय बघूनच नाव खोडतील, कारण परत विकला तर पैसे येणार नाहीत. उलट मला भीती वाटते की आता २७च्या स्ट्रायकरला लीग वनचा मोठा क्लबसुद्धा १० लाख पौंड देणार नाही.

पेठकर

मग लिव्हरपूलचं काय? २०१४ला ४० लाख पौंडात घेतला, पोरगा स्वप्नातल्या क्लबला परत गेला, आणि लीगमध्ये दोन गोल. यावरून स्काउट बरोबर होते असं कुणी म्हणू शकतो.

खाडीपलीकडे

नाही पटत. तेव्हा ३२ वर्षांचा होता आणि ज्या टीममध्ये गेला तिचा सगळा खेळ पुढून पळत जाऊन बॉल हिसकावण्यावर. सुआरेझ विकला, स्टरिज जखमी, बालोटेलीला आणलं, मॅनेजर रॉजर्सला रोज नवी जोडी लावायला लागत होती. लॅम्बर्टला जेव्हा मिळायच्या तेव्हा शेवटची दहा मिनिटं. त्याला खेळात शिरायला वेळ लागतो, डिफेंडरला अर्धा तास अंगावर घेऊन दमवायचं हा त्याचा धंदा. दहा मिनिटांत तो काय करणार. तरी पॅलेसविरुद्ध पहिला गोल मारला तेव्हा दुसऱ्याच मिनिटाला मारला होता, सुरुवातीपासून खेळवलं होतं म्हणून.

मला वाईट वाटतं ते त्याच्या जुन्या क्लबांचं. मॅकल्सफील्ड टाउन २०२०ला कोर्टानं गुंडाळायला लावला, कर्जापायी. नवा क्लब काढून गावानं परत तळापासून सुरुवात केली. स्टॉकपोर्ट फुटबॉल लीगमधून २०११ला बाहेर गेला, सहाव्या पायरीपर्यंत घसरला आणि २०२२ला परत आला. रॉचडेल १९२१पासून लीगमध्ये होता, २०२३ला खाली गेला. ज्या तीन ठिकाणी हा माणूस घडला त्या तिन्ही क्लबांनी २०११ ते २०२३ या काळात लीगमधली जागा गमावली. प्रीमियर लीगला मिळणाऱ्या टीव्हीच्या पैशातला थोडा जास्त वाटा खाली गेला असता तर मॅकल्सफील्डसारखा क्लब वाचला असता असं मला मनापासून वाटतं. १९ वर्षांच्या, सगळीकडून नारळ मिळालेल्या पोराला नुसतं सरावाला येऊ देणारी जागा होती ती.

तालीमवाला_कोप

१००% खरं. ते पळण्याचं सांगणार होता न्हवं?

जुना_फॉरवर्ड

हो हो, विसरलेलो नाही. तीन गोष्टी बघ त्याच्या क्लिपमध्ये.

बॉल येण्याच्या आधी तो डिफेंडरला शोधतो. म्हणजे बाकीचे स्ट्रायकर डिफेंडरपासून लांब पळतात, हा उलटा त्याच्या अंगाला जाऊन चिकटतो, पाठ आणि कंबर लावून. एकदा तो मागे कुठे आहे ते अंगाला कळलं की वळायचं कुठं ते ठरलं. हात जरा पसरलेले, पण ओढत नाही, नाहीतर फाउल जाईल. गुडघे वाकलेले. तुझी उंची आहे म्हणतोस तर हे आधी कर, ताठ उभा राहिलास तर तुझ्याहून बुटका पोरगाही ढकलून देईल.

दुसरं, तो पुढं पळायच्या ऐवजी दोन पावलं मागे येतो. बॉल डाव्या बाजूला गेला की सगळे डिफेंडर गोलकडे धावतात, हा पेनल्टीच्या ठिपक्याजवळ थांबतो. त्यामुळे कट बॅक, म्हणजे गोललाइनजवळून मागे दिलेला पास, आला की हा मोकळा. पळण्यात जिंकता येत नाही तर थांबण्यात जिंकायचं.

आणि टच. छातीवर घेतला तर बॉल पायाजवळच पडतो, एक यार्डसुद्धा पुढे जात नाही. हे भिंतीवर बॉल मारून मारून येतं, त्याला मैदान लागत नाही. शक्य असेल तर जोडीदाराला सांग की जोरात आणि वेडावाकडा मार, सोप्या बॉलवर सराव करून मॅचमध्ये उपयोग होत नाही.

पेनल्टीचं वर खाडीपलीकडेंनी सांगितलंच आहे. कोपरा आधी ठरव आणि मग बदलू नकोस.

तालीमवाला_कोप

झ्याक. उद्या सकाळी ग्राउंडवर धाकट्या भावाला डिफेंडर करून उभा करतो. त्या ब्रिस्टलच्या २९ गोलांच्या क्लिपा कुठं मिळत्यात का बघा कुणीतरी, साउथॅम्प्टनच्या तर सापडल्या.